बायफोकल कृत्रिम भिंग निवडताना: प्रकाशाच्या वाटणीचा हिशेब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णासमोर लेन्सच्या प्रकारांची एक यादी येते आणि त्यातली एक ओळ निवडायला सांगितले जाते. साधी एककेंद्री, बायफोकल, ट्रायफोकल, शिवाय सलग पल्ल्याची म्हणून ओळखली जाणारी आणखी एक, असे पर्याय त्या यादीत असतात आणि त्यावर रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतो: चष्मा सुटेल का? प्रश्न रास्त आहे. परंतु चष्मा सुटतो तो कशाच्या मोबदल्यात, हे त्याच्या उत्तरात येत नाही. बायफोकल लेन्स डोळ्यात जादा प्रकाश आणत नाही. बाहुलीतून जेवढा प्रकाश आत येतो तेवढाच ती दोन अंतरांसाठी वाटून देते, आणि वाटणी म्हटली की कुठेतरी कमी पडणारच. या लेखात वेगवेगळ्या बनावटींच्या बायफोकल लेन्सची एकमेकींशी आणि शेवटी इतर पर्यायांशी तुलना केली आहे. ती वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. काही उणिवा नंतर चष्म्याने भरून काढता येतात, काही येत नाहीत, आणि माझ्या मते निवडीचा सगळा भार या एका फरकावर आहे.

प्रथम पाया पाहू. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) असते, त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची, आणि उरलेली मुख्यतः नैसर्गिक भिंगाची. तरुणपणी हे भिंग आकार बदलते, त्यामुळे दूरचे झाड आणि हातातले अक्षर दोन्ही स्पष्ट दिसतात; चाळिशीनंतर ही लवचिकता ओसरते. हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हापासून आजपर्यंत नेहमीची एककेंद्री लेन्स एकाच अंतरासाठी नेमलेली असते. ती दूरसाठी नेमली की साधारण एक मीटरपर्यंतचे कामचलाऊ दिसते आणि ४० सेंटीमीटरवरचे पुस्तक वाचायला अडीच नंबरचा चष्मा लागतो. मात्र त्या एका अंतरावर ती सगळा प्रकाश एकवटते. पुढची प्रत्येक तुलना या लेन्सशी आहे, हे विसरून चालत नाही.

दोन प्रतिमा, एक पडदा

बायफोकल लेन्स लावलेला माणूस दूर पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर एकाच वेळी दोन प्रतिमा असतात. एक दूरच्या केंद्राने बनवलेली रेखीव प्रतिमा, आणि तिच्यावर जवळच्या केंद्राने पसरवलेला तोच देखावा, पण पुसट. चष्म्याच्या बायफोकल काचेत असे होत नाही, कारण तिथे नजर वर किंवा खाली नेऊन आपण एका वेळी काचेचा एकच भाग वापरतो. डोळ्यातल्या लेन्समध्ये नजर कुठेही न्या, दोन्ही केंद्रे कायम चालू राहतात. संध्याकाळी खिडकीतून बाहेर पाहताना त्याच काचेत खोलीतल्या दिव्याचे फिकट प्रतिबिंब दिसते. बाहेरचे दृश्य दिसत नाही असे नाही, पण त्याचा काळेपणा थोडा करडा होतो. बायफोकल लेन्सचा परिणाम साधारण असा असतो. फरक एवढाच की दिवा विझवण्याची सोय इथे नसते. मेंदू या पुसट प्रतिमेकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि हे शिकणे बहुतेकांना काही महिन्यांत जमते. पण ते मेंदूचे कसब आहे, लेन्सचे नव्हे, आणि ते प्रत्येकाला सारखे साधत नाही.

प्रकाश नेमका किती वाटला जातो हे विवर्तनावर, म्हणजे बारीक कडांपाशी प्रकाश वळून पसरण्याच्या गुणावर, चालणाऱ्या लेन्समध्ये अगदी काटेकोर सांगता येते. ज्या लेन्सवर कोरलेल्या वर्तुळाकार कड्यांची पायरी अर्ध्या तरंगलांबीचा फरक पाडते, तिच्यात दूरच्या आणि जवळच्या केंद्राला प्रत्येकी ४०.५ टक्के प्रकाश मिळतो. बेरीज ८१ टक्के होते. उरलेले १९ टक्के आणखी भलत्याच केंद्रांकडे जातात आणि कोणत्याही उपयोगाच्या प्रतिमेत येत नाहीत. पायरीची उंची कमी-जास्त करून ही वाटणी झुकवता येते. उपयोगी प्रकाशापैकी ६५ टक्के दूरला आणि ३५ टक्के जवळला अशी वाटणी असलेल्या लेन्स वापरात आहेत. एकीकडे वाढवले की दुसरीकडे घटणार, हा नियम मात्र कुणालाही चुकलेला नाही.

पट्ट्यांची लेन्स आणि विवर्तनाची लेन्स

बायफोकल परिणाम साधण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात लेन्सच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या वक्रतेचे पट्टे एकाभोवती एक असे घडवतात: मध्यभाग दूरसाठी, पुढचा पट्टा जवळसाठी, त्यापुढचा पुन्हा दूरसाठी. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेली 'अ‍ॅरे' ही लेन्स या घराण्यातली होती. या रचनेत प्रकाशाची गळती फार थोडी असते, ही जमेची बाजू. पण वाटणी बाहुलीच्या हाती राहते, आणि तिथेच सगळा गुंता आहे. 'अ‍ॅरे'चा दूरसाठीचा मधला भाग सुमारे २.१ मिलिमीटर व्यासाचा होता. भर उन्हात बाहुली एवढीच उरली, तर जवळचा पट्टा बुबुळाआड झाकला जातो आणि लेन्स जवळजवळ एककेंद्री होऊन बसते. म्हणजे सावलीत वाचता येणारे पत्र उन्हात नेल्यावर वाचता येत नाही, असा उलटा अनुभव येतो. आयुष्यभर 'जरा उजेडात धर, म्हणजे दिसेल' हे ऐकत आलेल्या माणसाला ही गोष्ट पटवून देणे सोपे नसते.

दुसरा मार्ग विवर्तनाचा. इथे लेन्सवर करवतीच्या दातांसारख्या अतिशय उथळ पायऱ्यांची वर्तुळाकार कडी कोरलेली असतात. पायरीची उंची मायक्रोमीटरच्या घरात, साधारण १.३ मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीपुढे ती नगण्य आहे. कड्यांची त्रिज्या मनाला येईल तशी ठेवलेली नसते. जवळच्या केंद्राला ४ डायॉप्टरची भर (दूरच्या केंद्रापेक्षा जादा शक्ती) हवी असेल तर हिरव्या प्रकाशासाठी पहिले कडे लेन्सच्या मध्यापासून ०.५२ मिलिमीटरवर येते, आणि ३ डायॉप्टरची भर हवी असेल तर ०.६१ मिलिमीटरवर. भर जितकी जास्त तितकी कडी दाट. लेन्सच्या ३ मिलिमीटर व्यासाच्या भागात पहिल्या प्रकारात सुमारे आठ कडी मावतात, दुसऱ्यात सहा. कडी इतकी जवळजवळ असल्यामुळे बाहुली थोडी लहान-मोठी झाली तरी दोन्ही केंद्रांचा वाटा फारसा हलत नाही, आणि पट्ट्यांच्या लेन्सपेक्षा ही रचना सरस ठरते ती मुख्यतः याच कारणाने. शुद्ध वर्तुळाकार पट्ट्यांची बायफोकल लेन्स आज कुणी सुचवलीच, तर ती विवर्तनी लेन्सपेक्षा का बरी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी एक जात आहे, तिचा उल्लेख हवा. तिच्यात जवळचा भाग कड्यांच्या स्वरूपात नसून लेन्सच्या खालच्या बाजूला एका फाकेसारखा असतो. दोन भागांमधली सीमा एकच असल्याने प्रकाश कमी वाया जातो आणि दिव्याभोवतीचे वलयही पूर्ण गोल न पडता एका बाजूलाच पसरते. त्याऐवजी अक्षराला एका बाजूने फिकट शेपूट आल्यासारखी तक्रार ऐकू येते, आणि लेन्स थोडी सरकली तर ती वाढते.

विवर्तनी लेन्समध्येही दोन उपप्रकार आहेत, आणि निवड करणाऱ्याला प्रत्यक्षात याच दोघांमधून निवडावे लागते, म्हणून इथे थोडे थांबू. पहिल्यात कडी लेन्सच्या पूर्ण ६ मिलिमीटर व्यासावर, सारख्याच उंचीची असतात. टेक्निस घराण्यातल्या बायफोकल लेन्स अशा आहेत. दुसऱ्यात कडी फक्त मधल्या ३.६ मिलिमीटरवर असतात आणि बाहेर जाताना पायरी १.३ वरून ०.२ मायक्रोमीटरपर्यंत उतरत जाते. त्याबाहेरचा भाग निव्वळ दूरसाठी असतो. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली 'रिस्टोर' या पद्धतीची.

फरक दिवसा कळत नाही, अंधार पडल्यावर कळतो. संध्याकाळी बाहुली ५ मिलिमीटरपर्यंत उघडली की पूर्ण व्यासाची लेन्स आपली वाटणी तशीच ठेवते: मंद दिव्यात वाचनाला तिची मदत होते, पण रस्त्यावरच्या दिव्याचा मोठा वाटाही जवळच्या केंद्राकडे जाऊन वलय होऊन पसरतो. उतरत्या पायऱ्यांची लेन्स अशा वेळी जास्तीत जास्त प्रकाश दूरच्या केंद्राला देते. वलय फिके पडते, वाहन चालवणाऱ्याला ते सोयीचे. परंतु मंद उजेडात औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचायला तीच लेन्स कुरकुरते. रात्री वाहन चालवावे लागणारा माणूस आणि निजण्यापूर्वी अंथरुणात मिणमिणत्या दिव्यापाशी वाचणारा माणूस यांनी एकच लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जवळ म्हणजे किती जवळ

बायफोकल लेन्सच्या वेष्टनावर +४, +३, +२.५ असे आकडे असतात आणि इथे एक फसगत हमखास होते. हा नंबर लेन्सच्या जागेवरचा आहे. चष्म्याच्या जागेवर त्याची किंमत सुमारे चार-पंचमांश एवढीच भरते. म्हणजे +४ ची लेन्स चष्म्याच्या भाषेत ३.२ नंबरची भर देते आणि तिचे जवळचे केंद्र ३१ सेंटीमीटरवर पडते. +३ ची लेन्स साधारण २.४ ते २.५ देते, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटर, आणि +२.५ ची लेन्स २ देते, म्हणजे अर्धा मीटर. 'मला आधी अडीचचा चष्मा होता, मग अडीचची लेन्स द्या' असे कुणी म्हटले तर त्याला पुस्तक हात लांब करूनच धरावे लागेल.

दोन केंद्रांच्या मधल्या भागात काय होते, ते पाहण्यासाठी डिफोकस आलेख नावाचा एक आलेख काढतात. आडव्या रेषेवर डायॉप्टर, उभ्या रेषेवर दृष्टीची तीक्ष्णता. शून्य म्हणजे दूरचे, उणे १ म्हणजे एक मीटर, उणे २ म्हणजे ५० सेंटीमीटर, उणे २.५ म्हणजे ४० सेंटीमीटर. एककेंद्री लेन्सचा आलेख एकाच टेकडीचा असतो, बायफोकलचा दोन टेकड्यांचा, आणि टेकड्यांच्या मधोमध दरी. +४ च्या लेन्समध्ये या दरीचा तळ साधारण ६० सेंटीमीटरवर येतो, म्हणजे नेमका जिथे संगणकाचा पडदा असतो तिथे. +३ मध्ये तळ ८० सेंटीमीटरच्या आसपास सरकतो आणि दरी उथळ होते. +२.५ मध्ये तो एक मीटरपर्यंत जातो आणि बऱ्याच जणांना जाणवतही नाही, पण मग बारीक अक्षरांसाठी वाचनाचा साधा चष्मा जवळ ठेवावा लागतो.

'रिस्टोर'च्या +४ नंतर +३ आणि पुढे +२.५ आली, टेक्निसमध्येही +४ नंतर +३.२५ आणि +२.७५ आल्या. भरीचा नंबर असा उतरत गेला, कारण माणसे पुस्तकापेक्षा पडद्यांकडे जास्त पाहू लागली. आजच्या घडीला +४ ची लेन्स कुणी घ्यावी? जो शिवणकाम, कोरीवकाम, छोट्या भागांची दुरुस्ती अशी कामे अगदी डोळ्यांजवळ धरून करतो त्याने, आणि तेही खात्री करून. इतरांसाठी मी तिचा विचार करणार नाही.

म्हणून एक टेप हाती घेऊन घरीच मोजमाप करावे, असा माझा आग्रह असतो. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या पद्धतीने बसून, डोळ्यापासून पुस्तक, फोन, संगणकाचा पडदा, ओटा, देव्हारा, गाडीतली मीटरची पाटी, जे जे रोज पाहावे लागते त्याचे अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावे. शंभराला त्या सेंटीमीटरच्या आकड्याने भागले की डायॉप्टर मिळतात. ते त्या लेन्सच्या आलेखावर टिपावेत. बुटक्या माणसाचे हात आखूड असतात आणि त्याचे पुस्तक ३३ सेंटीमीटरवर असते, उंच माणसाचे ४५ वर. दोघांना एकच 'जवळ' देणे म्हणजे एकाच मापाचा सदरा दोघांना शिवण्यासारखे आहे.

रात्रीचे वलय: किती मोठे

वलयाबद्दल बोलताना 'थोडेसे दिसते' असे सांगितले जाते. ते मोजता येते. बाहुलीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याला दोन केंद्रांमधल्या डायॉप्टरच्या फरकाने गुणले की वलयाचा कोन रेडियनमध्ये मिळतो. बाहुली ५ मिलिमीटर आणि फरक ३.२ असेल तर ०.०१६ रेडियन, म्हणजे सुमारे ०.९ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे +४ च्या लेन्समधून दिव्याभोवती दिसणारे वलय चंद्रबिंबाच्या जवळजवळ दुप्पट रुंद. हेच गणित +३ साठी ०.७ आणि +२.५ साठी ०.६ अंशाच्या आसपास येते. समोरून येणारी गाडी १०० मीटरवर असेल तर +४ मध्ये प्रत्येक दिव्याभोवतीचे वलय १.६ मीटर व्यासाचे होते, आणि दोन दिवे एकमेकांच्या वलयात शिरतात, +२.५ मध्ये ते एक मीटरचे राहते आणि दिवे सुटे ओळखता येतात.

मात्र तेवढाच प्रकाश लहान वर्तुळात मावायचा म्हणजे तो दाट होतो. काहींना मोठे, विरळ वलय कमी टोचते आणि लहान, दाट वलय जास्त. एकूण पाहता कमी भरीच्या लेन्स रात्री सोसवतात असाच कल आहे, पण 'वलय नसेल' असे आश्वासन कोणत्याही बायफोकल लेन्सबद्दल देता येत नाही. आणि सुरुवातीला म्हटलेली गोष्ट इथे लागू होते: दरीवर उपाय आहे, संगणकाच्या पडद्यासाठी सव्वा नंबरचा चष्मा घातला की भागते, वलयावर चष्म्याचा उपाय नाही. चष्म्याने न भरून निघणारी अशी एक बाजू कायम बायफोकलच्या पदरात असते, तर एककेंद्री लेन्सच्या जवळपास सगळ्या उणिवा वाचनाचा चष्मा भरून काढतो.

अक्षरे दिसतात, पण उठून दिसतात का

डोळे तपासण्याच्या तक्त्यावरची अक्षरे काळीभोर आणि पार्श्वभूमी पांढरी असते, त्यामुळे बायफोकल लेन्स घेतलेला माणूस तक्त्यापुढे एककेंद्रीच्या बरोबरीने वाचतो. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही असाच आहे: दूरची तीक्ष्णता दोन्हींत सारखी, जवळची बहुकेंद्रीत चांगली, चष्म्याची गरज कमी, पण वलय आणि डोळे दिपण्याच्या तक्रारी जास्त. फरक दिसतो तो फिकट गोष्टींत: पहाटेच्या धुक्यातली पायरी, राखाडी रस्त्यावरचा राखाडी कपड्यातला माणूस, पातळ शाईतली छपाई.

याची कल्पना पेली-रॉबसन तक्त्यावर येते. त्यावर अक्षरे एकाच आकाराची असतात, पण दर तीन अक्षरांनी फिकी होत जातात आणि प्रत्येक गट ०.१५ लॉग एककांनी उतरतो. उजळ-काळ्याचा फरक अर्धा झाला म्हणजे ०.३ उतरले, म्हणजे दोन गट गेले. पडद्यावर पुसट प्रतिमेची झूल पडल्याने कागदोपत्री नुकसान या घरात जाते. प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून कमी भरते आणि दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहताना आणखी कमी वाटते, कारण दोन डोळ्यांनी मिळून ही क्षमता सुमारे १.४ पट होते. बहुतेक निरोगी डोळ्यांत ती वयाच्या मानाने योग्य पातळीतच राहते. पण ज्या डोळ्याची शिल्लक आधीच कमी आहे, म्हणजे काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज किंवा मधुमेहाने पडद्याला झालेला त्रास असलेला डोळा, त्याच्या खात्यातून आणखी रक्कम काढणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी बायफोकल लेन्स सुचवली गेली तर दुसरे मत अवश्य घ्यावे.

प्रयोगशाळेतले आकडे वाचताना एक सावधगिरी. लेन्सची प्रतिमा किती रेखीव आहे ते एमटीएफ या मापाने, कृत्रिम कॉर्निया असलेल्या नमुना डोळ्यात मोजतात. त्यातील मिलिमीटरला १०० रेषाजोड्यांचा आकडा साधारण तक्त्यावरच्या ६/६ च्या अक्षराशी जुळतो. परंतु ही चाचणी प्रचलित मानकांप्रमाणे ५४६ नॅनोमीटरच्या एकाच हिरव्या प्रकाशात घेतली जाते, आणि विवर्तनी कडी ज्या रंगासाठी आखली आहेत तोच बहुधा त्यांचा सर्वोत्तम रंग असतो. आपण पांढऱ्या उजेडात राहतो. दोन कंपन्यांच्या पत्रकांतले आकडे बाहुलीचा व्यास आणि प्रकाश न पाहता शेजारी शेजारी ठेवू नयेत.

रंगाचा विषय निघालाच आहे तर, विवर्तनाचा एक फायदाही सांगायला हवा. साध्या काचेत निळा प्रकाश जास्त वळतो, विवर्तनात उलट लाल जास्त वळतो. त्यामुळे जवळच्या केंद्रावर डोळ्याचा स्वतःचा रंगदोष काही अंशी फिटतो आणि प्रतिमा अपेक्षेपेक्षा नेटकी उतरते. दूरच्या केंद्राला मात्र हा लाभ मिळत नाही.

अचूकतेची किंमत

एककेंद्री लेन्स चुका पोटात घालते, बायफोकल घालत नाही. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो, म्हणून लांबी आणि कॉर्नियाची मापे दोन वेगळ्या वेळी, शक्यतो प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रावर घेतलेली असावीत. सिलिंडरचा नंबर पाऊण डायॉप्टरच्या वर उरला तर दोन्ही केंद्रे एकाच वेळी बिघडतात. अशा डोळ्याला टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबरही भरून काढणारी, बायफोकल लागते, अन्यथा सगळा खर्च पाण्यात. लेन्स मध्यापासून सरकणे किंवा कलणे हेही कड्यांच्या लेन्सला जास्त बाधते. कोरड्या डोळ्यांवर आधी उपचार करावेत, कारण अश्रूंचा थर फाटका असेल तर मापेच खोटी येतात. कॉर्निया शंकूसारखी झालेली असेल किंवा तिचा पृष्ठभाग ओबडधोबड असेल, तर हा विषय तिथेच थांबतो.

शस्त्रक्रियेनंतर चष्म्याची तपासणी करणाऱ्यालाही डोळ्यात बायफोकल लेन्स आहे हे आवर्जून सांगावे. उणे अडीचची काच समोर धरली तरी हा डोळा जवळच्या केंद्रातून दूरचे वाचतो, म्हणजे एकाच डोळ्याचे दोन नंबर निघू शकतात, आणि घाईत चुकीचा हाती येतो.

बाकीच्या पर्यायांशेजारी

ट्रायफोकल लेन्स प्रकाश तीन ठिकाणी वाटते. ५० टक्के दूर, २० मध्यम, ३० जवळ अशी वाटणी असलेली लेन्स युरोपात रुळली. अमेरिकेत पहिली ट्रायफोकल, पॅनऑप्टिक्स, २०१९ मध्ये मान्य झाली. ६० ते ८० सेंटीमीटरची दरी ती बऱ्यापैकी बुजवते, आणि संगणकावर दिवस काढणाऱ्याने बायफोकलपेक्षा तिलाच आधी पाहावे. वलय तिच्यातही असतेच. माझ्या मते बायफोकलची जागा आता मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी उरली आहे: ज्यांचे काम खरोखर दोनच ठरावीक अंतरांत चालते, आणि ज्यांना कमी भरीची लेन्स घेऊन रात्रीचा त्रास आवाक्यात ठेवायचा आहे.

सलग पल्ल्याची लेन्स दोन टेकड्यांऐवजी एक लांबट पठार देते. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली सिंफनी विवर्तनावर चालते, २०२० मधील विविटी विवर्तनाशिवाय. दूर आणि मध्यम अंतर उत्तम, बारीक वाचनाला बहुधा चष्मा लागतो. विविटीसारख्या लेन्समध्ये वलयाची तक्रार एककेंद्रीच्या जवळ येते. +२.५ ची बायफोकल आणि ही लेन्स यांत निवड करायची झाली, तर रात्री गाडी चालवणाऱ्याला मी दुसरीकडे वळवीन.

मोनोव्हिजन हा जुना मार्ग अजूनही चांगला आहे: दोन्ही डोळ्यांत साधी लेन्स, पण एक दूरसाठी आणि दुसरी सव्वा ते दीड नंबर जवळसाठी. प्रकाश कुठेही वाटला जात नाही, कड्यांचे वलय नाही. अंतराचा बारीक अंदाज थोडा कमी होतो आणि रात्री गाडी चालवताना चष्मा घालता येतो. ज्याला हे जमेल का याची शंका आहे, त्याने मोतीबिंदू फार पिकलेला नसेल तर शस्त्रक्रियेआधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून दोन आठवडे घरी जगून पाहावे. बायफोकल लेन्सची अशी रंगीत तालीम करता येत नाही, आणि हा तिचा मला सर्वांत खटकणारा भाग आहे.

त्यातल्या त्यात एक वाट आहे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया लागणार असेल तर पहिल्या डोळ्यात कमी भरीची लेन्स बसवून दुसऱ्यासाठी काही आठवडे थांबावे. त्या काळात रात्री, प्रवासी म्हणून गाडीत बसून, दुसरा डोळा झाकून समोरचे दिवे पाहावेत. दिवसा पडदा, पुस्तक आणि औषधाचे वेष्टन पाहावे. आणि नोंद ठेवावी. वलय सोसवले आणि वाचन कमी पडले तर दुसऱ्या डोळ्यात थोडी जास्त भर घेता येते, वलय असह्य झाले तर दुसऱ्यात साधी लेन्स. आणि नजर धूसर वाटू लागली म्हणून लेन्समागच्या पापुद्र्यावर लगेच याग लेसर करून घेऊ नये. तो पापुद्रा एकदा उघडला की लेन्स काढून बदलणे खूप अवघड होते, म्हणून तक्रार त्या पापुद्र्यावर धरलेल्या जाळीची आहे की लेन्सच्या वाटणीची, याचा निवाडा त्याआधी डॉक्टरांकडून करून घ्यावा.